झाडाखालची मीटर गेज

"आत्या, एच-ओ घेऊ का जी घेऊ? दुकानदार विचारायलाय."

भाची जर्मनीत नर्स आहे, न्यूरेंबर्गजवळ. नाताळला पंधरा दिवसांच्या रजेवर यायची होती आणि बॅगेत विजेवर चालणारा खेळण्यातला रेल्वेचा सेट आणायचं तिनं कबूल केलं होतं. एच-ओ आणि जी ही त्याचीच मापं. फोन आला तेव्हा मी परभणीच्या घरात अनारशाचं पीठ मळत होते. हात पिठाचे, फोन खांद्यावर. "उद्या सांगते," म्हणाले. ती रात्र मी कागद-पेन्सिल घेऊन बसले.

आमच्या घरात हा प्रश्न साधा खेळण्याचा नव्हता. अण्णा, म्हणजे माझे वडील, पूर्णा जंक्शनच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, म्हणजे इंजिनं पुसायला. मग फायरमन, मग शंटर, मग ड्रायव्हर. सगळी नोकरी मीटर गेजवर. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत सिकंदराबादकडे जाणारी ही लाइन निजामाच्या काळात, १९००च्या सुमाराला पडली. रुळांतलं अंतर एक मीटर, म्हणजे १००० मिलिमीटर. माझं लहानपण त्या एक मीटरच्या काठावर गेलं. रात्री-अपरात्री कॉल बॉय दारावर काठी वाजवायचा, आई उठून डबा भरायची आणि अण्णा अंधारात शेडकडे निघायचे. अजिंठा एक्सप्रेस कुठल्या तासाला येते यावर आमच्या रेल्वे कॉलनीचं घड्याळ लागायचं.

नव्वदीत ही लाइन रुंद व्हायला लागली. आधी मनमाड-औरंगाबाद झाली, मग पुढं पुढं. अकोला-पूर्णा सगळ्यात शेवटी, २००८ साली. ब्रॉड गेज म्हणजे १६७६ मिलिमीटर. मराठवाड्यानं त्यासाठी किती मोर्चे काढले, किती वर्षं वाट पाहिली, हे मी पाहिलंय. थेट मुंबई गाठता आली ती त्यामुळंच. पण ज्या दिवशी आमच्या कॉलनीसमोरचे जुने रूळ उखडून ट्रकमध्ये टाकले, त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, हेही मी पाहिलंय.

तेव्हा नाताळच्या झाडाखाली गाडी आणायची, तर कुठली, हा विचार करायलाच हवा होता.

त्याला आणखी एक कारण होतं. आदल्या वर्षी आम्ही एक सेट जाळला होता. अमेरिकेतल्या मावसभावानं मोठ्या हौसेनं पाठवलेला, ओ गेजचा, तीन रुळांचा. तो पाहून अण्णांनी पहिला प्रश्न विचारला, "हा मधला रूळ कशाला?" मग मीच वाचून सांगितलं. वीज मधल्या रुळातून येते, इंजिनाच्या पोटाखाली एक रोलर असतो तो ती उचलतो आणि बाहेरच्या दोन रुळांतून ती परत जाते. म्हणून रूळ वळवून पुन्हा त्यालाच जोडला तरी शॉर्ट होत नाही. अण्णांना हे फार आवडलं. त्यांनी चष्मा पुसून रोलर बोटानं फिरवून पाहिला. आणि मग धाकट्यानं, माझ्या आठ वर्षांच्या मुलानं, पिन बदलायचा ॲडॅप्टर लावून सेटचा ट्रान्सफॉर्मर थेट आपल्या बोर्डात खुपसला. अमेरिकेतली घरची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. ॲडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. एक बारीक 'टक्' आवाज आला, जळलेल्या वार्निशचा वास आला आणि झालं. चूक आमचीच, त्या ठोकळ्यावर बारीक अक्षरात १२० लिहिलेलंच होतं. धाकटा रडला. अण्णांनी बटण बंद केलं, पिन काढली आणि गार होईपर्यंत तो ठोकळा मांडीवर घेऊन बसले. सबंध नाताळ ती गाडी झाडाखाली उभीच राहिली.

म्हणून जर्मनीचा सेट म्हटल्यावर माझा पहिला जीव भांड्यात पडला तो विजेमुळं. तिकडंही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, आपल्यासारखंच. पिन तेवढी बघावी लागते. परदेशातून कुणी असा सेट आणणार असेल तर माझं पहिलं सांगणं हेच राहील, डबे आणि इंजिन मागाहून बघा, आधी वीज देणारा ठोकळा उलटा करून त्यावरचं बारीक वाचा.

आता गेज. या खेळण्यांच्या दुनियेत अक्षरांची नावं आहेत. एच-ओ म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ पट लहान, रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. एन म्हणजे १६० पट लहान, रूळ ९ मिलिमीटर, सगळी गाडी पेन्सिलीच्या डब्यात मावेल एवढी. आणि जी म्हणजे मोठी, रूळ ४५ मिलिमीटर, मूळ प्रमाण २२.५ पट लहान. जगात सगळ्यात जास्त खपते एच-ओ. स्वस्त, हवं ते मिळतं, टेबलावर अख्खं गाव वसवता येतं. माझं मन एच-ओकडंच होतं.

मग मी सहज गुणाकार केला. १६.५ गुणिले ८७, उत्तर १४३५.५. ही झाली युरोप-अमेरिकेची स्टँडर्ड गेज, १४३५ मिलिमीटर, जी आपल्याकडं मुंबई-पुण्याच्या मेट्रोखाली आहे. ९ गुणिले १६०, उत्तर १४४०. पुन्हा तीच. मग ४५ गुणिले २२.५.

उत्तर आलं १०१२.५.

मी पुन्हा केला. तेच. एक मीटर आणि वर सव्वा सेंटिमीटर. म्हणजे ही जी नावाची गाडी मुळात मीटर गेजची धाकटी बहीण! ४५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर नंतर कंपन्यांनी वेगवेगळ्या प्रमाणांतल्या गाड्या आणल्या, २९ पट लहान, ३२ पट लहान. पण १९६८ साली न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीनं एलजीबी या नावानं ही मोठी गाडी बाजारात आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाच्या डोंगरातल्या अरुंद लाइनी होत्या. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. शेजारच्या खोलीत अण्णांच्या घोरण्याचा आवाज येत होता. मला त्यांना उठवून सांगावंसं वाटत होतं.

सकाळी भाचीला कळवलं, जी घे.

ती म्हणाली, आत्या, मोठी आहे गं, बॅगेतली निम्मी जागा जाईल. मी म्हटलं, कपडे इथं शिवू.

मोठी असण्याचं आणखी एक महत्त्व मला नंतर कळलं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत आणि उजवा हात आता थरथरतो. एच-ओचा डबा घसरला तर त्याची चार-चार चिमुकली चाकं पुन्हा रुळावर बसवणं हे माझ्याच्यानं होत नाही, तर त्यांच्याच्यानं कुठून होणार? जीचा डबा हातभर अंतरावरूनसुद्धा दिसतो. चाक रुळावर बसलं की बोटांना कळतं. झाडाखालची गाडी निवडताना लोक जागा मोजतात, पैसे मोजतात. तिच्यापुढं गुडघे टेकून कोण बसणार आहे आणि त्याचे हात कसे आहेत, हे आधी मोजायला हवं. आठ वर्षांच्या पोराच्या आणि ब्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हातांना एकच आकार सोयीचा पडतो.

मुळात झाडाखाली गाडी कुठून आली, हेही मी त्या दिवसांत वाचून काढलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या जर्मन लोकांची वस्ती होती, ते नाताळात येशूच्या गव्हाणीभोवती छोटं गाव मांडायचे, शेवाळ, दगड, घरं, जनावरं. त्याला ते 'पुट्झ' म्हणत. जर्मनीत मार्कलिन कंपनीनं १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत चावीच्या गाड्यांसोबत जोडायचे रूळ मांडले, मग हवे तेवढे रूळ वाढवत न्यायची सोय झाली. न्यूयॉर्कच्या जोशुआ कॉवेन यांनी १९०० साली लायोनेल कंपनी काढली. त्यांची पहिली विजेची गाडी दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक खेचायला म्हणून होती. गिऱ्हाइकं आत येऊन ती गाडीच मागायला लागली. पुढं गव्हाणीभोवतीच्या गावातून ही गाडी फिरायला लागली. आणि जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे धावली तीसुद्धा भाचीच्याच गावाजवळून, न्यूरेंबर्ग ते फ्यूर्थ, ७ डिसेंबर १८३५ रोजी.

आम्ही मूळचे जालन्याकडचे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, तिथं आमच्या पणज्याचं घर होतं. आमच्याकडं नाताळ म्हणजे करंज्या, अनारसे, चिवडा, दारावर कामट्यांची कागदी चांदणी आणि कोपऱ्यात गव्हाणी. झाड सुरूच्या फांदीचं, ओल्या वाळूच्या बादलीत रोवलेलं. गव्हाणीत आम्ही गवत घालत नाही, ज्वारीचा कडबा घालतो, बारीक चिरून. आमचा येशू कडब्यावरच निजतो आणि मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही.

भाची वीस डिसेंबरला आली. खोका उघडला तेव्हा अण्णा मुद्दाम अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून बसले होते. आतून इंजिन निघालं, काळं-हिरवं, दोनच आसांचं, पाण्याच्या टाक्या अंगावरच घेतलेलं. कंपनीनं त्याचं नाव 'श्टाइन्झ' ठेवलंय, ऑस्ट्रियातल्या एका लाइनीवरच्या इंजिनावरून. अण्णांनी ते दोन्ही तळहातांवर घेतलं, कनेक्टिंग रॉडवर अंगठा फिरवला, उलटं केलं, सुलटं केलं. मी वाट पाहत होते. गुणाकाराचा कागद माझ्या मुठीतच होता.

"हे आपल्या लायनीचं न्हाई," अण्णा म्हणाले. "हे बारशीच्या लायनीचं इंजन आहे."

मी कागद दाखवला. १०१२.५. त्यांनी तो नीट वाचला, मान डोलावली. "रूळ आपला आहे, बरोबर. पण इंजन बघ की. आपलं वायपी इंजन केवढं होतं, पुढं चार चाकं, मधी सहा मोठी, मागं दोन. हे लहान लायनीचं. कुर्डुवाडीहून लातूरला जायची ना, तसलं."

बार्शी लाइट रेल्वे, अडीच फुटी, ७६२ मिलिमीटर. १८९७ साली सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत आली. आता तिथंही ब्रॉड गेज आहे. अण्णा तरुणपणी आत्याच्या लग्नाला त्या गाडीनं लातूरला गेले होते. मी त्याच रात्री शोधलं. खऱ्या श्टाइन्झ इंजिनाची लाइन ७६० मिलिमीटरची होती. बार्शीच्या लाइनीहून दोन मिलिमीटर कमी! मला कागद-पेन्सिल घेऊन एक रात्र लागली होती, त्यांना इंजिन हातात घेऊन एक मिनिट लागलं. खेळण्यात रूळ तोच ठेवून वर वेगवेगळ्या अरुंद लाइनींची इंजिनं चालवतात, म्हणून असं होतं. अण्णांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट ते खुलले. "लातूरचं इंजन परभणीच्या रुळावर," असं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते.

रूळ मांडायला मात्र पूर्ण दुपार गेली. वळणाचे बारा तुकडे, प्रत्येक तीस अंशांचा, बारा मिळून एक गोल. गोलाची रुंदी सुमारे १.२९ मीटर, म्हणजे सव्वाचार फूट. मी आधी सुतारालाच विचारलं होतं प्लायवूडसाठी. बाजारात शीट मिळते आठ बाय चारची, म्हणजे तीन इंच कमी पडले. तिकडच्या लोकांनी लिहिलंय की गालिच्यावर रूळ मांडू नका, धागे आसात जातात, खाली फळी घ्या. आमच्याकडं गालिचा कुठला, सतरंजी तेवढी होती, ती गुंडाळून ठेवली आणि थेट शहाबादी फरशीवर मांडणी केली. फरशीच्या दोन जोडांवर रूळ बारीकसा उचलला जायचा. अण्णा पोटावर झोपले. ब्याऐंशीव्या वर्षी, गार फरशीवर, एक डोळा मिटून, गाल जवळजवळ रुळाला लावून. "इथं दोन पोस्टकार्डं घाल," म्हणाले. पोस्टकार्डं कुठून आणू? लग्नपत्रिकेचे तुकडे घातले. रूळ बसला.

वीज देणाऱ्या ठोकळ्याला एक गोल खुंटी असते. ती फिरवली की रुळातली डीसी वीज वाढते, गाडी वेग घेते. उलटीकडं फिरवली की गाडी मागं जाते. धाकट्यानं ती एकदम शेवटापर्यंत फिरवली. इंजिन झेपावलं, मागचा डबा वळणावर बाहेर फेकला गेला आणि थेट बादलीला धडकला.

अण्णा ओरडले नाहीत. पुढं सरकले. "कामून इतकी घाई करायलास बाबा? गाडी उचलायची असती. ढकलायची न्हाई." आणि त्यांनी खुंटी हातात घेतली. थरथरणारा उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मनगटापाशी धरला. खुंटी अगदी थोडी, तांदळाच्या दाण्याएवढी फिरवली. इंजिनाचा दिवा लागला, पण गाडी हलली नाही. ते थांबले. आणखी एक दाणा. आत काहीतरी गुणगुणलं. आणखी एक. आणि मग गाडी कधी चालायला लागली ते मला कळलंच नाही, चाकं फिरताना दिसली तेव्हा समजलं. दोन डब्यांमधल्या कड्या एकामागून एक ताणल्या गेल्या, धक्का एकही नाही.

"इंजनातबी याला रेग्युलेटरच म्हणायचे," ते धाकट्याला सांगत होते. "मागं माणसं झोपलेली असतात."

दुसऱ्या दिवशी भाचीनं झाडाखाली बर्फ केला. कापसाचा. शेजाऱ्यांच्या शेतातला, नुकता वेचलेला, सरकी काढून पिंजलेला. दिसायला फार देखणा, गव्हाणीपासून रुळापर्यंत पांढरंशुभ्र. संध्याकाळी पाहुणे जमले, गाडी फिरत होती, नाताळगीतं चालली होती. मध्येच अण्णांनी मान वर केली. "इंजन ओढायलंय. कुठंतरी अडायलंय." आम्हाला कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. दोन फेऱ्यांनी ते वळणावर थबकलं. वीज बंद केली, गार होऊ दिलं, उलटं केलं. मागच्या आसाभोवती कापूस इतका घट्ट पिळला गेला होता, की वळलेली वातच. त्यात सुरूची एक सुई अडकलेली. भुवया कोरायच्या चिमट्यानं मी ती वात तंतू तंतू करून ओढून काढली, अण्णा टॉर्च धरून. अर्धा तास लागला. शेवटचा तंतू निघाला तेव्हा अण्णांनी बोटानं चाक फिरवलं, ते फिरलं, आणि त्यांनी जो श्वास सोडला तो मी आईच्या आजारपणानंतर प्रथमच ऐकला.

कापूस काढून टाकला. परभणीत डिसेंबरची थंडी हाडात शिरते खरी, पण बर्फ आमच्याकडं कधी पडला? त्याजागी काळ्या रानातली ढेकळं आणली, कडब्याच्या चार पेंढ्या उभ्या केल्या, मातीची बैलजोडी ठेवली पोळ्याची. ढेकळं रुळापासून वीतभर लांब, धुळीनं पितळी रुळ मळतात म्हणून. रोज सकाळी मऊ फडक्यानं रूळ पुसायचं काम अण्णांनी स्वतःकडं घेतलं. क्लीनर म्हणून लागले तेव्हा हेच करायचे, म्हणाले. सुरूच्या सुया त्यासोबतच वेचायचे आणि कागदाच्या पुडीत जमवायचे. झटकून टाकलेल्या पुन्हा आसात जातात.

धाकट्याला रिंगची गोष्ट त्यांनी केव्हा सांगितली ते मला ठाऊक नाही. एकेरी लाइनीवर समोरून दुसरी गाडी येऊ नये म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरला लोखंडी गोळा द्यायचा. गोळा ज्याच्या हाती, लाइन त्याची. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या रिंगला. गाडी न थांबता जायची असेल तर पॉइंट्समन ती रिंग हातात उंच धरून रुळाशेजारी उभा राहायचा आणि फायरमन इंजिनातून वाकून दंडात अडकवून घ्यायचा. अण्णांच्या उजव्या दंडावर अजून त्याचा वण आहे. लहानपणी मी तो वण म्हणजे शिक्का समजायचे, रेल्वेनं मारलेला.

चोवीस तारखेला रात्री उपासनेहून आलो. चांदणी बनवून उरलेल्या कामटीची धाकट्यानं रिंग वळली होती, तिला भाचीच्या जुन्या मोज्याची पिशवी शिवलेली, पिशवीत एक गोटी. भाची चहा टाकत होती. अण्णा पाटावर, ठोकळा पुढ्यात. गाडी झाडामागं उभी.

धाकटा त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि त्यानं रिंग डोक्यावर धरली. अण्णांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. नजर समोर रुळावर. हात आपसूक बाहेर गेला, कोपरात किंचित वाकलेला. रिंग दंडात उतरली. त्यांनी ती पुढं ओढली, पिशवीचं तोंड उघडलं, गोटी तळहातावर घेऊन दिव्याकडं धरली, नीट पाहिली, पुन्हा आत ठेवली आणि रिंग मांडीशेजारी टेकवली.

"लाइन क्लिअर," म्हणाले, आणि खुंटीवर बोटं ठेवली.